नर सुटता कामा नये

९ मार्च

मरे आज आला आणि बूट न काढता थेट माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. तेव्हाच ओळखलं, हा काहीतरी ठरवून आलाय. मरे म्हणजे माझा धाकटा दीर. शेजारीच त्याचं हरणांचं फार्म आहे. आमच्या राखीव रानात मोठमोठ्या शिंगांचे जे तांबडे नर फिरतात, ते त्याच्याकडेच वाढलेले. सहा वर्षांचे झाले की कानातला बिल्ला काढायचा आणि सात फुटी जाळीच्या आत, दोन हजार एकरांत सोडून द्यायचं. मग परदेशी पाहुणे येतात, माझ्या हातचं जेवतात, नर मारतात आणि भिंतीवर लावायला त्याचं डोकं घेऊन जातात. रान दोघा भावांचं, पण पाहुण्यांना डोंगरावर न्यायचं काम कीथचं. कीथ माझा नवरा. ऑगस्टमध्ये गेला. कुत्र्यांना खायला घालता घालता अंगणात कोसळला, झालं.

"नोलीन," मरे म्हणाला, "यंदा पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळव."

"का म्हणून?"

"गाईड कोण होणार?"

"तुझ्यासमोर बसलीय ती."

हसला नाही. मी म्हटलं, त्या डोंगराची घळ न् घळ मला ठाऊक आहे, हिवाळ्यात वैरण टाकायला मीच जाते, तुझा भाऊ तेव्हा पाठ दुखते म्हणून शेकोटीपाशी असायचा. "डोंगराचा प्रश्नच नाही," म्हणाला. मग कशाचा, विचारलं तर खिडकीबाहेर बघत बसला. शेवटी म्हणाला, "बरं, एक सीझन. पण एकही जखमी नर हातचा सुटला तर तिथल्या तिथे थांबायचं. रान माझ्या फार्मला जोडायचं. शब्द दे."

दिला. हसतच दिला. सत्तावीस वर्षांत कीथच्या पाहुण्यांकडून एकही जखमी जनावर सुटलेलं नाही. परदेशातला आमचा एजंट तर या एका वाक्यावर पाहुणे पाठवतो.

"कीथची गोष्ट वेगळी होती," जाता जाता मरे म्हणाला.

डोक्यात तिडीकच गेली. वेगळी म्हणजे काय? तो बाप्या आणि मी बाई, एवढंच ना? जमीन हवीय त्याला, दुसरं काही नाही. म्हणूनच अशी अट. बघतेच मी.

रागारागाने गावात गेले आणि ही वही घेऊन आले. घरात भांडायला आता कोणी उरलं नाही, तर वहीशी भांडेन.

१५ मार्च

आठवडाभर जाळी तपासत हिंडले. पूर्वेकडे दोन ठिकाणी रानडुकरांनी खालून उकरलं होतं, दगड भरले. गुडघे बोंबलतायत, पण बोंबलू देत.

नर डुरकायला लागलेत. अजून घसा साफ केल्यासारखं, पण लागलेत. माजाचे हे महिनाभराचे दिवस म्हणजेच आमचा सीझन. प्लास्टिकच्या नळीतून आपणही तसंच डुरकलं की नराला वाटतं दुसरा कोणी आपल्या माद्यांवर डोळा ठेवून आला, आणि तो तरातरा समोर येतो. मी स्वयंपाकघरात सराव करत होते तर दारात टपालवाला. बिचारा पाकिटं पायरीवरच ठेवून पळाला. कीथपेक्षा मी चांगली डुरकते, हे कीथसुद्धा मान्य करायचा.

हेमी दुपारी चहाला आला. जनावर सोलायचं, कातडं कमवायचं, डोकं पाठवणीसाठी तयार करायचं, हे सगळं हेमी बघतो. बावीस वर्षं झाली. समुद्रकाठच्या माओरी वस्तीतून एका सीझनपुरता म्हणून आला होता. शब्द मोजून खर्च करतो.

"कीथची रायफल नेणार ना बरोबर?" त्याने विचारलं.

"कशाला? शिकार पाहुण्यांनी करायचीय की मी?"

तो कितीतरी वेळ फ्लोचे कान खाजवत बसला. फ्लो आमची म्हातारी कुत्री. मग म्हणाला, "पाहुणे कसले कसले येतात, नोल."

मी म्हटलं, कसलेही येऊ देत, कीथची पद्धत पक्की आहे. पाहुण्याला पालथं झोपवायचं, रायफल पिशवीवर टेकवायची. कानांवर जाड टोप्या चढवायच्या. लोकांच्या कानांची कीथला भारी काळजी! आपण शेजारी आपली रायफल घेऊन झोपायचं, डावा हात पाहुण्याच्या खांद्यावर ठेवायचा आणि तीनदा दाबायचा. तिसऱ्या दाबाला गोळी. त्याने माणूस घाबरत नाही, घाई करत नाही. जिथे नर उभा, तिथेच आडवा. स्वतःच्या रायफलीलाही त्याने आवाज दाबायची नळी लावून घेतली होती, माद्या बुजू नयेत म्हणून. इतका विचार करणारा माणूस होता.

"हो," हेमी म्हणाला. "विचार फार करायचा." आणि चहाबरोबर दिलेला गोड पाव, स्कोन, अर्धा टाकून उठला. माझा स्कोन आजवर कोणी टाकलेला नाही.

२५ मार्च

जमलं! जमलं, जमलं, जमलं!

पहिला पाहुणा वेंडेल, अमेरिकेत टायर विकतो. गडी आडदांड पण शांत. मला "मॅडम" म्हणतो, पण मी पुढे चढायला लागल्यावर त्याला बोलायला दमच उरला नाही. पहाटे वरच्या खिंडीत पोचलो. मी नळीतून डुरकले. पलीकडून असं उत्तर आलं की माझ्या छातीत थरथरलं. नर धुक्यातून बाहेर आला, मान उंच, पोट चिखलाने माखलेलं. शंभर पावलांवर आडवा उभा राहिला. मी खांदा दाबला, एक, दोन, तीन. नर दोन ढांगा टाकून पडला.

कीथची रायफल कपाटातच. नाकावर टिच्चून.

दुपारी हेमी रक्ताच्या हातांनी शेडमधून बाहेर आला, तोंडभर हसत. "एकच भोक, नोल! एकच!"

"मग किती असायला हवी होती?"

तर हसू मावळलं आणि पुन्हा आत गेला. या माणसाला आनंदही धड होत नाही.

संध्याकाळी मरेला फोन करून मुद्दाम सांगितलं. "छान," म्हणाला. मग विचारतो, "यापुढचा कोण?" ऑस्ट्रियाचा आन्सेल्म, म्हटलं.

"नोलीन, त्याच्याबरोबर मी येऊ का?"

म्हटलं ना, गिधाडासारखा टपलाय.

३१ मार्च

आन्सेल्म आला. एकाहत्तर वर्षांचा. औषधांचं दुकान होतं, आता मुलगी चालवते. आमच्याकडे चौथ्यांदा येतोय. कीथ गेल्याचं त्याला पत्राने कळवलं होतं, तरी दारात आल्यावर त्याने कीथच्या खुर्चीकडे पाहिलं आणि डोळे भरले. मला तो आवडतो. जेवायच्या आधी हात धुतो, नंतर आपली बशी आपण उचलतो.

घरी भिंतीवर त्याने तीन डोकी लावलीत. नातवंडं आली की एकेका डोक्याची गोष्ट सांगतो. "कीथबरोबर माझी एकही गोळी वाया गेली नाही, मिसेस हिस्लॉप. तीन गोळ्या, तीन नर. माझ्या आयुष्यात इतकी नेमकी दुसरी गोष्ट मी केलेली नाही."

चहाचा कप धरताना मात्र त्याचा हात थरथरतो.

१ एप्रिल

आज निशाणीवर सराव. शंभर पावलांवर जेवणाच्या ताटाएवढं पांढरं पत्र्याचं वर्तुळ. आन्सेल्मने पाच गोळ्या झाडल्या, दोन लागल्या. मी म्हटलं, उद्या दिवसभर सरावच करू. तो दुखावला. "पत्र्यावर माझं मन लागत नाही. नर समोर आला की हात थांबतो. तुमच्या यजमानांना विचारा..."

काय करू? पत्रा म्हणतोय नको. पण भिंतीवरची तीन डोकी काही खोटं बोलत नाहीत. कीथ तर पाहुण्यांना पत्र्यासमोर उभंच करायचा नाही. म्हणायचा, त्याने माणूस खचतो. शेवटी मीही तीन डोक्यांवरच विश्वास ठेवला. उद्या पहाटे निघतोय.

२ एप्रिल

लागली. पोटात.

शिंगांना बारा टोकं असलेला नर, ऐंशी पावलांवर, अगदी आडवा उभा. मी खांदा तीनदा दाबला. आन्सेल्मने गोळी झाडली. नर कमरेत वाकला आणि झाडीत गेला. मला लगेच कळलं. आन्सेल्म तसाच पडून होता. कानांवरच्या टोप्या काढल्या आणि लहान पोरासारखं म्हणाला, "पण तो पडला का नाही? कीथ असताना तो नेहमी पडायचा."

पोटात लागलेल्या जनावराच्या मागे लगेच जायचं नसतं. ते पळत राहतं. तीन तास बसून राहिलो. आयुष्यात इतके लांब तीन तास बघितले नाहीत, कीथच्या अंत्यविधीलासुद्धा नाही. मग हेमीला आणि फ्लोला बोलावून माग काढला. गवतावर रक्त थोडं आणि हिरवट घाण जास्त. पुढे घसरणीचे दगड आले आणि माग संपला. अंधार पडेपर्यंत ओहोळ पालथा घातला. जखमी जनावर पाण्याकडे जातं. गेलं नव्हतं.

तो वर कुठेतरी आहे आणि दुखणं सोसतोय. दुसरं काही सुचत नाही.

३ एप्रिल

सकाळपासून शोधलं. दोन्ही ओहोळ, मधली दाट झाडी, खालचं दलदलीचं पठार. फ्लोच्या पंजातून रक्त यायला लागलं म्हणून तिला जीपमध्ये ठेवलं.

दुपारी एका खडकावर बसून हेमीला म्हटलं, "कीथ असता तर सुटला नसता." सहज म्हटलं. मला वाटतं, रडायचं नव्हतं म्हणून म्हटलं.

हेमीने थर्मासचं झाकण लावलं. "नोल, प्रत्येक कातड्याला दोन भोकं असायची."

"कसली दोन?"

"एक पाहुण्याचं. एक कीथचं. पाहुण्याच्या खांद्यावर तिसऱ्यांदा दाबायचा आणि त्याच क्षणी आपणही झाडायचा. कानांवर टोप्या, रायफलीला नळी. कोणाला पत्ता नाही. कधी कधी एकच भोक असायचं. तेही कीथचंच. मी शिवून टाकायचो."

मला आधी हसूच आलं. खरंच. मग थर्मास उचलला आणि डोंगरावरून भिरकावून दिला. किती खाली गेला, वाजत वाजत.

"मरेला माहीत आहे?"

"नळी मरेनेच आणून दिली होती."

"आणि मला का नाही सांगितलं कोणी? सत्तावीस वर्षं!"

"तू सांगून टाकलं असतंस," हेमी म्हणाला. "पाहुण्यांना. जेवायला वाढताना."

असतंच सांगितलं! का नसतं? सत्तावीस वर्षं मी या माणसाचं कौतुक टेबलाटेबलावर वाढलं. "माझ्या नवऱ्याचा पाहुणा कधी चुकत नाही." आणि हा समोर बसून मटण चावत मान हलवायचा. कीथ हिस्लॉप, आत्ता समोर असतास तर तोच मटणाचा वाडगा तुझ्या डोक्यात घातला असता. मला शिकवलेल्या पद्धतीतला खरा भाग तेवढा गाळलास आणि दाबायचा हात तेवढा ठेवलास. मी तीनदा दाबलं आणि त्या मुक्या जनावराचं पोट फाटलं.

चार वाजता मरे आला. हेमीने कळवलं असणार. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "ऐक. माझ्याकडे अगदी तसाच एक आहे, बारा टोकांचा. संध्याकाळी मी त्याला वरच्या घळीत नेऊन मारतो. उद्या सकाळी तुला तो सापडेल. म्हातारा खूष. नर सुटला असं कोणी म्हणणार नाही, तू म्हणू नकोस. विषय संपला."

तो नर मला ठाऊक आहे. पुढच्या पैदाशीसाठी ठेवलेला. मरे त्याला हाताने चारतो, त्याच्याशी बोलतो. त्याच्या फार्मवर त्याच्या तोडीचं दुसरं जनावर नाही.

"आणि खरा नर?"

"तो मरेलच, नोलीन."

"कसा मरेल ते माहीत आहे तुला?"

तो हळूच म्हणाला, "कीथनेही एकदा असंच केलं होतं."

त्यानंतर मी काय काय बोलले ते लिहीत नाही. हेमी शेडमधून बाहेर आला आणि परत आत गेला, एवढं सांगते. निघताना मरे म्हणाला, "तू एकटी वर जाऊ नकोस. जखमी नर अंगावर येतो."

याचा डाव काय ते मला कळेना. मी हरले तर रान त्याचं. मग मला जिंकवायला स्वतःचा लाडका नर मारायला का निघालाय? नक्की नंतर कधीतरी माझ्या तोंडावर फेकायला. मिंधं करून ठेवायचं आणि मग हवं तेव्हा नाचवायचं. मी त्याच्या उपकाराखाली येणाऱ्यातली नाही.

४ एप्रिल

नाश्त्याला आन्सेल्मसमोर ओट्सची खीर ठेवली आणि सगळं सांगितलं. उभ्यानेच. बसले असते तर गुळमुळीत झालं असतं.

त्याने चमचा खाली ठेवला. "तिन्ही?"

"तिन्ही. त्यांत तुमची गोळी लागलीच नसेल असं नाही. पण कोणाच्या गोळीने नर पडला ते आता देवालाही सांगता येणार नाही."

त्याचा चेहरा बघवेना, पण मी बघितला. मग रागावला. त्याच्या भाषेत काहीतरी बोलला, कीथबद्दल असणार, मग माझ्या भाषेत म्हणाला, "तुम्ही हे सांगायला नको होतं. मी म्हातारा माणूस आहे. नातवंडांना मी काय सांगू?"

"चौथ्या नराची गोष्ट सांगा. ती अजून व्हायचीय. चला, बूट घाला."

"माझे गुडघे..."

"माझेही. चला."

मला वाटलं, दार आपटून खोलीत जाईल. गेला खरा, पण बूट घालून आला.

या वेळी मी कीथची रायफल घेतली. आवाज दाबायची नळी फिरवून काढली आणि खिडकीत ठेवून दिली. जो काही आवाज व्हायचा तो होऊ दे.

तीन तास शोधलं. आन्सेल्म दर शंभर पावलांवर थांबायचा, पण परत फिरू या असं एकदाही म्हणाला नाही. एकदा थांबला तेव्हा त्याने विचारलं, "हा नर मूळचा कुठला?"

पाहुणे हे नेहमी विचारतात आणि कीथचं उत्तर ठरलेलं असायचं, डोंगरातला. माझ्याही तोंडात तेच आलं होतं. मी ते गिळलं. "माझ्या दिराच्या फार्मवरचा. दोन वर्षांपूर्वी इथे सोडलेला."

"मग तो घरी नसेल का गेला?" आन्सेल्म म्हणाला.

मी खाली बसले. दोन दिवस मी आणि हेमी, दोघंही सगळं आयुष्य यात घालवलेली माणसं, रानातलं जनावर शोधत होतो. पाण्याकडे, दाट झाडीकडे, कड्याखाली. पाहुण्यांना जी गोष्ट इतकी वर्षं सांगितली ती आम्हालाच खरी वाटायला लागली होती. हे जनावर बादलीतल्या बार्लीवर वाढलेलं. दुखायला लागल्यावर ते कुठे जाणार?

उत्तरेच्या फाटकापाशी. जिथून त्यांना आत सोडतात, त्या फाटकापाशी तो उभा होता. डोकं जाळीला टेकवून. पलीकडे मरेचं कुरण. आम्ही चाळीस पावलांवर आलो तेव्हा त्याने मान वळवली. वाऱ्यावर माझा वास गेला असेल. हिवाळ्यात वैरण मीच घालते. पळाला नाही. माझ्या दिशेने दोन पावलं आला.

आन्सेल्मने रायफल खांद्याला लावली. रायफलीचं टोक वर्तुळं काढत होतं. त्याने ती खाली घेतली आणि म्हणाला, "माझ्याच्याने होणार नाही. तुम्ही मारा."

"मारते. पण बघायचं. डोळे मिटायचे नाहीत."

"नाही मिटणार."

माझा हात थरथरला नाही. त्या नराने माझ्याकडे ज्या भरवशाने बघितलं, त्यानंतर तो थरथरायचा काही हक्कच नव्हता. एक गोळी, मानेत. आवाज साऱ्या खोऱ्यात घुमला. नंतर मी त्याच्या डोक्यापाशी बसले आणि मनसोक्त रडले. आन्सेल्मने त्याच्या कानातलं बिल्ल्याचं भोक बोटाने चाचपलं आणि तोही माझ्या शेजारी बसला.

आवाज ऐकून मरे पलीकडून धावत आला. पळताना त्याला धाप लागली होती, चेहरा पांढराफटक. मला बसलेली बघून जाळीला धरून उभाच राहिला.

"सापडला," मी म्हटलं. "सुटला नाही. तुझी अट मोडलेली नाही."

"अट गेली खड्ड्यात," तो म्हणाला. "तुला लागलं तर नाही ना?"

विषय कसा बदलतो बघा.

७ एप्रिल

आन्सेल्म गेला. डोकं नको म्हणाला, पूर्ण कातडं हवं. हेमीने विचारलं, भोकं शिवू का? "दोन्ही तशीच ठेवा," म्हणाला. "मागचं माझं, पुढचं मिसेस हिस्लॉप यांचं." जाताना माझा हात हातात घेतला. क्षमा केली की नाही, ते काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

आज दिवसभर बसून पत्र लिहिलं. या सीझनच्या उरलेल्या पाच पाहुण्यांना आणि एजंटला. सगळं लिहिलं. सत्तावीस वर्षांचा पराक्रम कसा घडला ते लिहिलं. नर कुठे वाढतात ते लिहिलं. जाळी सात फुटांची आहे हे लिहिलं. आणि यापुढे इथे काय होईल ते: पत्र्यावर पाचपैकी पाच लागल्याशिवाय डोंगर नाही. गोळी पाहुण्याचीच असेल. मला झाडावी लागली तर तोंडावर सांगेन.

पाठवायच्या आधी मरेला वाचायला दिलं. हेमी म्हणाला, कीथ त्याचा भाऊच होता ना. मरेने दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला.

"यात कीथचं नाव जाईल, नोलीन."

"जाऊ दे. खाली माझं आहे."

"आणि पाहुणेही जातील."

"तुला बरंच की. रान मिळेल."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मी त्याला थोबाडीत मारलं. मग म्हणाला, "मला तुझं रान नकोय. कधीच नको होतं." हे तो उगीच म्हणाला असेल. पण पत्र टपालात टाकायला त्याच्याच गाडीतून नेलं, आणि वाटेत फेकून दिलं नाही. मी पोस्टात विचारून घेतलं.

१४ एप्रिल

एजंटचा फोन. पत्र मिळाल्याबरोबर ओरडायला लागला. "असं कोणी लिहितं का? लोक स्वप्न विकत घेतात!"

"मग तू स्वप्नं वीक. इथे हरणं आहेत."

यादीतून नाव काढतो म्हणाला. काढ, म्हटलं. पाचांपैकी चौघांनी फोन करून नकार कळवला. एकाने तर मला कीथची बदनामी करणारी कृतघ्न बाई म्हटलंय. त्याचा फोन मी आपटला. माझ्या नवऱ्यावर रागवायचा हक्क माझा आहे, आणि आठवण काढायचाही माझाच. याला कोणी बोलावलं मध्ये?

संध्याकाळी पाचव्या पाहुणीचा फोन आला. कोरलिस नावाची बाई, ऑस्ट्रेलियातली, क्वीन्सलंडमध्ये गुरं राखते. आवाज माझ्यासारखाच घोगरा. म्हटलं, ही पण नाही म्हणणार. मनाची तयारी केली.

"पत्र वाचलं," ती म्हणाली. "एकच विचारायचंय. पत्र्यावर पाच लागल्या, आणि तरी डोंगरावर मी चुकले तर?"

"तर आपण दोघी शोधायला जाऊ."

"किती दिवस?"

"सापडेपर्यंत."

पलीकडे गुरं हंबरत होती. ती विचार करत होती. विनवायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं.

"मग येते," ती म्हणाली. "शनिवारी."